कुंपणावरचं फूल कुणाचं?



आजच्या वाचनात गीतेच्या ९ व्या अध्यायातला २६ वा श्लोक आला. पान, फूल, फळ किंवा नुसतं पाणी, शुद्ध मनाच्या माणसानं भक्तीनं दिलं तर मी ते आवडीनं घेतो, असा त्याचा भाव. आपल्यापैकी कितीतरी जणांना तो पाठ असेल. आज मात्र माझं मन त्यातल्या 'देण्या'वर अडून बसलं. द्यायची वस्तू आधी आपली असावी लागते. मग रोज सकाळी आपण देवाला वाहतो ते फूल नेमकं कुणाचं असतं?

प्रश्न पुस्तकी वाटेल, पण आमच्या चंद्रपुरात तो रोज पहाटे कुंपणाशी येऊन उभा राहतो. ज्यांनी इथं बाग केली आहे त्यांना ठाऊक आहे, मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर गेला की झाडं जगवणं म्हणजे तपच असतं. पिटुनिया, फ्लॉक्स, अॅस्टर ही हिवाळी हंगामी फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरावीत, थंडीभर डोळे भरून पाहावीत आणि मार्चच्या उन्हात त्यांना निरोप द्यावा. झेंडू जूनच्या शेवटी किंवा जुलैत पेरला आणि रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडला, की फांद्या फुटतात आणि दसऱ्याला झाड भरून येतं. उन्हाळ्यात साथ देतात ती बारमाही झाडं. मोगरा तर उन्हातच फुलतो. कण्हेर, सदाफुली, बोगनवेल तग धरून राहतात. जास्वंदीला मात्र दुपारची सावली आणि दोन वेळचं पाणी लागतं, शिवाय पानांमागचा पांढरा मावा धुवून काढावा लागतो.

एवढं करून एखाद्या सकाळी पाहावं तर जास्वंदीवर एकही फूल नाही! वानरांचा कळप येऊन कळ्या खाऊन गेला तर आपण हातात काठी घेतो, पण त्यांना कोणी चोर म्हणत नाही. माणसानं नेलं की ते मनाला लागतं. आमच्या गल्लीत एक आजी आहेत. भाड्याच्या एका खोलीत राहतात, दाराशी वीतभर माती नाही. पहाटे पिशवी घेऊन निघतात आणि कुंपणाबाहेर आलेल्या फांद्यांवरचं सगळं खुडून नेतात, उद्याच्या कळ्यांसकट. एकदा कोणी टोकलं तर म्हणाल्या, "देवासाठीच तं नेऊन राहिली न बाई, मले का करायचं हाय फुलाचं?" आमच्या घरीही विषय निघाला. भिंत उंच करू, वरून जाळी लावू, असं घरच्यांचं म्हणणं पडलं.

पतंजलींनी योगसूत्रांत पाच यम सांगितले आहेत. त्यातला तिसरा अस्तेय, म्हणजे न दिलेलं न घेणं. पाचवा अपरिग्रह, म्हणजे साठवून, कवटाळून न बसणं. विचार करता करता लक्षात आलं, की हे दोन्ही यम त्या कुंपणाशीच उभे आहेत. अस्तेय बाहेरच्या बाजूला आहे, फुलं नेणाऱ्यासाठी. अपरिग्रह आतल्या बाजूला आहे, फुलं लावणाऱ्यासाठी. आपली गंमत अशी, की दुसऱ्याच्या वाटचा यम आपल्याला चटकन आठवतो. मालक नेणाऱ्याला सांगतो, चोरीची फुलं देवाला पोचत नाहीत. नेणारा मालकाला सांगतो, देवाच्या फुलांवर एवढा हक्क कशाला? बोलणी दोन्ही खरी, पण बोलणारी तोंडं चुकीची. आपल्या वाटचा यम आपण स्वतःला सांगायचा असतो.

तेव्हा मी माझ्याच बाजूचा धरते. माझी फुलं, माझी फुलं म्हणते, पण यात माझं किती? दसऱ्याचं तोरण ज्याच्याशिवाय होत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. गुलछडीही तिकडचीच. सदाफुली मादागास्करहून आलेली. कोणत्या काळी कोणी बी आणलं, कोणी फांदी दिली, तेव्हा ती माझ्या अंगणात आली. माती मी केली नाही, पाऊस मी पाडला नाही. पाणी घालण्याचे कष्ट तेवढे माझे. ते कष्ट खरे आहेत, त्यांना मान हवाच. पण तेवढ्यावर मालकी किती ताणायची?

आणि खुडणं म्हणजे हिंसाच, असंही सरसकट म्हणता येत नाही. झेंडू, झिनिया यांची उमललेली फुलं वेळेवर काढली तर झाड आणखी फुलतं. बी धरू दिलं की त्याची ताकद तिकडे जाते आणि बहर ओसरतो. जास्वंदीचं फूल तर एका दिवसाचंच. कळी ओरबाडणं मात्र वेगळं. त्यात झाडाचंही नुकसान आणि देवाचंही, कारण न उमललेलं आपण काय वाहणार? आपल्या जंगलातला मोह बघा. मार्च-एप्रिलच्या पहाटे त्याची फुलं आपोआप गळतात आणि गडचिरोलीतली माणसं ती टोपल्यांत वेचतात. झाड देतं, माणूस वेचतो. पारिजातकाचंही तसंच. जमिनीवर पडलेलं असूनही ते फूल देवाला चालतं, ही आपली जुनी रीत. दिलेलं घ्यावं, एवढंच ही दोन्ही झाडं शिकवतात.

विनोबांची आठवण इथं झाल्याशिवाय राहत नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तोच माणूस पुढे १९५१ पासून जमीन मागत देशभर पायी फिरला. त्यांनी हिसकावून घेतलं नाही, मागितलं. ज्यांनी दिलं त्यांनी भीतीपोटी दिलं नाही. अस्तेय आणि अपरिग्रह एका जागी भेटले की त्याला दान म्हणतात. आपल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं तर २०१३ मध्ये आपली शेतजमीन ग्रामदान करून ग्रामसभेच्या स्वाधीन केली. ज्या भागात जमिनीचं असं झालं, तिथं चार जास्वंदीच्या फुलांचं अवघड का व्हावं?

पुन्हा श्लोकाकडे येते. भगवंतानं पूजा इतकी सोपी ठेवली, की गरिबातल्या गरिबालाही ती जमावी. पण ज्याच्या दाराशी मातीच नाही, त्यानं फूल आणायचं कुठून? बाजारातून विकत, किंवा कुंपणावरून चोरून. चोरून आणताना मन शुद्ध राहत नाही, आणि शुद्ध मन ही तर श्लोकातली अट आहे. म्हणजे मी भिंत उंच केली, तर फुलं माझी वाचतील, पण त्या आजींसाठी हा श्लोक खोटा पडेल. ज्याच्याकडे अंगण आहे, त्याच्यावर तो श्लोक शेजाऱ्यासाठी खरा ठेवण्याची जबाबदारी येते, असं मला वाटतं.

म्हणून जाळी लावायची नाही असं घरात ठरलं. पावसाळ्यात जास्वंदीच्या फांद्या छाटल्या तेव्हा चार फांद्या कुंपणाबाहेर रोवल्या, तीन जगल्या. आजींना म्हटलं, "आजी, खुशाल न्या. फक्त आवाज द्या, आणि कळ्या राहू द्या." सोबत तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं सदाफुलीचं रोप त्यांच्या खिडकीत ठेवायला दिलं. सदाफुलीला फार माती लागत नाही. आता त्या आवाज देतात. कधी विसरतात, कधी कळ्याही जातात. माणसं आहोत आपण, चालायचंच. पण खिडकीतलं एक फूल त्या रोज स्वतःच्या हातानं लावलेल्या पाण्याचं वाहतात, आणि ते मात्र पूर्णपणे त्यांचं आहे.

आजचा संकल्प: दुसऱ्याच्या झाडाचं फूल घेताना विचारून घेईन. माझ्या झाडाचं कोणी मागितलं, तर मोजून देणार नाही.

श्रीकृष्णार्पणमस्तु.