ठरलंय कुठवर?

इंग्रजीतला भविष्यकाळ म्हणजे ‘विल’, हे शाळेत एकदा डोक्यात बसतं आणि मोठेपणीही सुटत नाही. खरं तर इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचं स्वतःचं रूपच नाही. मुळात इच्छा सांगणारं ‘विल’, बंधन सांगणारं ‘शॅल’, जाण्याच्या क्रियेतून आलेलं ‘गोइंग टु’, आणि कित्येकदा नुसता वर्तमानकाळ, एवढ्यावर ती भाषा उद्याचं सगळं बोलते. जॉन वॉलिस या ऑक्सफर्डच्या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या आपल्या इंग्रजी व्याकरणात ‘शॅल’ आणि ‘विल’ची पुरुषानुसार वाटणी मांडली. आपल्याकडच्या पिढ्यांनी ‘आय शॅल, यू विल’ घोकलं ते त्याच वाटणीतून. रोजच्या बोलण्यात आज ती फारशी उरलेली नाही.

मग निवडायचं कशावरून? गोष्ट किती दिवसांनी घडणार यापेक्षा ती कुठवर ठरलीय, हे पाहावं. मैत्रीण म्हणाली, रविवारी घर बदलतेय. ऐकताक्षणी मनात आलं तर ‘आय विल हेल्प यू’. दुसऱ्या कुणी रविवारचा बेत विचारला तर ‘आय ॲम गोइंग टु हेल्प हर’, कारण आता मनाशी ठरलेलं आहे. टेम्पोवाल्याशी बोलून वेळ पक्की झाली की ‘द टेम्पो इज कमिंग ॲट एट’. आणि वेळापत्रकातली गाडी? ‘द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स’. तिथे कुणाच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही.

मला सर्वांत भावतो तो ‘विल यू बी कमिंग?’ हा प्रश्न. ‘विल यू कम?’मध्ये विनंती असते, थोडी भीडही. ‘विल यू बी कमिंग?’ फक्त बेत विचारतो. समोरच्याला न अवघडता ‘नाही’ म्हणता येतं. व्याकरणात एवढी माणुसकी असते, हे वर्गात कुणी सांगत नाही.

बेत कुठवर ठरलाय हे बोलण्यातून ओळखणं आपल्याला नवं नाही. मुलगा फोनवर ‘येईन’ म्हणाला तर आई नुसतं ‘बरं’ म्हणते. ‘उद्या येतोय’ म्हणाला की रात्रीच डाळ भिजत घालते. हा कान मराठी मुलांना घरातूनच मिळालेला असतो. तेव्हा शिक्षकांनो, फळ्यावर ‘विल’चा तक्ता लिहिण्याआधी मुलांना एवढंच विचारा: हे तू आत्ता ठरवलंस, की आधीच ठरलं होतं? उत्तर मराठीत दिलं तरी चालेल.