दुसऱ्यासाठी ताणलेला दोर

आज मन एका दोरावर ठेवायचं आहे. घाई नको. एकेक परिच्छेद वाचा, थांबा, मग पुढे चला.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनसारख्या विमानतळांवर प्रवासी विमानं, लढाऊ विमानं आणि दोन-चार माणसांची छोटी विमानं एकत्र नांदतात. अशा सामायिक धावपट्टीच्या टोकाजवळ काही ठिकाणी पोलादी दोर आडवा ताणलेला असतो. जाडी इंच-सव्वा इंच. रबरी चकत्यांनी तो जमिनीपासून दोन-तीन इंच उचलून धरलेला. उंबरठ्याएवढाही उंच नाही. तो डोळ्यांपुढे आणा.

आता त्यावर एफ-१६ येऊ द्या. चाकांचे ब्रेक निकामी, पट्टी संपत आलेली. वैमानिक शेपटीखालचा आकडा सोडतो. आकड्यात दोर अडकतो, दोराच्या दोन्ही टोकांचे नायलॉनचे पट्टे कडेच्या रिळांवरून उलगडू लागतात, रिळांचे ब्रेक त्यांना आवरतात, आणि अनेक टनांचं विमान थांबतं. माणूस वाचतो. दोराविषयी मनात काय उमटलं, ते पाहा.

विमान बदला. टनभर वजनाचं सेसना १७२. याला आकडा नाही. नाकाखाली एक लहानसं चाक आहे. वेगात दोरावर आलं तर त्या चाकाला दणका बसतो, किंवा दोर उसळून विमानाच्या पोटावर आपटतो. एखाद्या विमानाच्या पंख्याचं पातं जमिनीलगत फिरत असेल, तर त्यालाही तो लागू शकतो. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचं ते चाकच अडकू शकतं. दोर तोच आहे. आता मनात काय उमटलं?

इथे रेंगाळा. दोराने कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. तो ताणताना ज्याचं वजन मोजलं, ते विमान वेगळं होतं, एवढंच.

आणि मुळात तो हलक्या विमानासाठीच होता. १८ जानेवारी १९११ रोजी युजीन इली आपलं लाकडा-कापडाचं विमान घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात ‘पेनसिल्व्हेनिया’ या युद्धनौकेवर उतरला. त्याला थांबवलं ते वाळूच्या पिशव्या बांधलेल्या २२ दोरांनी. पुढे विमानं जड झाली, तसे दोर बळकट झाले. १३ सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यात नौदलाच्या ‘हंसा’ तळावर नौदलासाठी बनवलेलं तेजस अशाच दोराने थांबवून दाखवलं गेलं. या वाटचालीत हलकी विमानं मोजमापातून कधी गळली, कुणाला कळलंही नसेल.

छोट्या विमानाचा जाणता वैमानिक दोरावर रागावत नाही. दोर कुठे आहे, ते निघण्याआधीच पाहून ठेवतो. तो ओलांडून मगच चाकं टेकवतो. जमिनीवरून ओलांडावा लागलाच, तर अगदी सावकाश. तुमच्या वाटेतही असं काही असेल: कुणा एकाच्या थकबाकीमुळे सगळ्यांना लागू झालेली अट, धाकट्याच्या दुखण्यापायी साऱ्या घराने धरलेलं पथ्य. त्याने कुणाला सावरलं, हे आठवा. मग आपली चाकं कुठे टेकवायची, ते ठरवा.

आता बाजू बदला. दोर ताणणाऱ्यांवरही बंधन आहे. दोराच्या रेषेत, पट्टीच्या पूर्ण रुंदीभर, १० फूट व्यासाचे पिवळे गोल रंगवावे लागतात. काही ठिकाणी दोर एरवी खाचेत बसलेला असतो आणि गरजेपुरता टॉवरमधून वर उचलला जातो.

तुम्ही कुणासाठी काय ताणून ठेवलं आहे? मुलगा दहावीत घसरला तेव्हा घातलेला नियम तो नोकरीला लागल्यावरही चालू आहे का? त्याची झळ धाकटीला लागते का? एकेक दोर आठवून पाहा. ज्याची गरज सरली, तो आज खाली घ्या. ज्याची गरज आहे, तो राहू द्या. पण ज्यांच्यासाठी तो नाही, त्यांनाही तो कुठे आहे हे आधी सांगा.