किलोमीटरमागे २५ सेकंद

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा झाल्या. अध्यक्षस्थानी सर दोराबजी टाटा होते. धावणाऱ्यांत बहुतेक शेतकरी घरांतले तरुण होते. ते अनवाणी धावले. शर्यतीच्या नियमांशी त्यांचा परिचय नव्हता आणि सराव करून घेणारंही कुणी नव्हतं. तरीही त्यांच्या वेळा पाहून दोराबजी थबकले. केंब्रिजमध्ये शिकलेल्या, तिथल्या मैदानांवर वावरलेल्या या माणसाला युरोपातल्या वेळा ठाऊक होत्या आणि हे अनवाणी धावपटू त्यांच्या फार मागे नव्हते. १९२० च्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ पाठवावा, हा विचार तिथून पुढे सरकला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापर्यंत तो गेला आणि ब्रिटिश ऑलिंपिक संघटनेची संमतीही मिळाली.

या तयारीच्या दिवसांतली एक हकिगत दोराबजींनी पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्रातून कळवली. १०० मीटर धावायला किती वेळ लागला तर माणूस ऑलिंपिकच्या तोडीचा म्हणायचा, असा प्रश्न निघाला. जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदानं एक-दोन मिनिटं असा अंदाज सांगितला. इथे मिनिटांचा नव्हे, सेकंदांचा आणि सेकंदाच्या दहाव्या भागाचा हिशेब असतो, हे दोराबजींनी सांगितलं तेव्हा ते गृहस्थ चकित झाले.

या गृहस्थांना अडाणी ठरवणं अन्यायाचं होईल. आपल्या तालमींत मोजमाप होतंच. जोर किती काढले, बैठका किती मारल्या, याचे आकडे पहिलवानाच्या तोंडी असत. पण ते मोजमाप स्वतःपुरतं, आपल्या तालमीपुरतं होतं. कुस्तीची जोड नजरेनं लावली जाई, कोण पुढे आला हे डोळ्यांनी पाहिलं जाई. पुण्यात धावलेला मुलगा आणि हेलसिंकीत धावलेला मुलगा एकमेकांसमोर कधीही न येता त्यांची तुलना होऊ शकते, ही कल्पना मात्र नवी होती. पाय या मातीत होते, मैदानही होतं. नव्हतं ते जगाशी जोडणारं घड्याळ.

१९२० हे ऑलिंपिकचं वर्ष कसलं होतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. महायुद्ध संपून दोन वर्षं व्हायची होती. ज्या बेल्जियमवरून जर्मन फौजा गेल्या, त्याच देशातल्या अँटवर्पला स्पर्धेचा मान दिला गेला. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान या पराभूत देशांना निमंत्रण नव्हतं. पाच वर्तुळांचा झेंडा ऑलिंपिकच्या मैदानावर पहिल्यांदा फडकला तो इथेच, आणि खेळाडूंची शपथही इथेच पहिल्यांदा घेतली गेली. इकडे १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळक गेले आणि त्याच दिवशी असहकाराच्या चळवळीला सुरुवात झाली. अँटवर्पचं उद्घाटन १४ ऑगस्टला झालं. देश लोकमान्यांच्या शोकात असताना चार-दोन धावपटू आणि दोन मल्ल परमुलखात काय करताहेत, याकडे कुणाचं लक्ष जाणार होतं?

त्या मोजक्या माणसांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्टला ते मॅरेथॉन धावले. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंदांत पूर्ण केली आणि १९ वा क्रमांक मिळवला. त्यांच्याबरोबर उतरलेल्या सदाशिव दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. विजेता फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन. त्याची वेळ २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंद.

हे दोन आकडे शेजारी ठेवून हिशेब केला तर एक वेगळंच चित्र उभं राहतं. विजेत्यानं एका किलोमीटरला सरासरी ३ मिनिटं ३४ सेकंद घेतले आणि चौगुल्यांनी जवळजवळ बरोबर ४ मिनिटं. म्हणजे जगातला सर्वोत्तम धावपटू आणि आपला हा पहिला मॅरेथॉनपटू यांच्यात किलोमीटरमागे सुमारे २५ सेकंदांचं अंतर होतं. नुसतं ‘एकोणिसावा’ म्हटलं की माणूस हरलेला वाटतो. २५ सेकंद म्हटलं की काम दिसू लागतं. हे सेकंद कशाचे? पादत्राणांचे, आहाराचे, सरावाचे, वर्षातून चार वेळा तोडीच्या माणसांबरोबर धावायला मिळण्याचे? एकेक कारण शोधता येतं, एकेक सेकंद कमी करता येतो. क्रमांक निवाडा देतो आणि वेळ वाट दाखवते. १९२० चा खरा धडा मला इथे दिसतो.

त्या मॅरेथॉनची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोलेहमाइनेन १९१२ साली स्टॉकहोमला तीन सुवर्णपदकं जिंकला होता, पण तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या अमलाखाली होतं आणि त्याच्या विजयाला रशियाचा झेंडा चढला. तो झेंडा पाहून त्याच्या मनाला जिंकण्याचं सुख झालं नाही. अँटवर्पला तो स्वतंत्र फिनलंडसाठी धावला. त्याच्यामागे अवघ्या तेरा सेकंदांनी दुसरा आला तो एस्टोनियाचा युरी लॉसमन. एस्टोनियाही त्याच रशियन साम्राज्यातून नुकतंच सुटलेलं. पहिले दोघे नव्यानं मोकळ्या झालेल्या देशांचे आणि एकोणिसावा अजून पारतंत्र्यात असलेल्या देशाचा. तिघांचं अंतर एक, तिघांच्या वेळा टिपणारं माप एक. राज्यकर्त्यांच्या सभागृहात हिंदुस्थानी माणसाच्या शब्दाला इंग्रजाच्या शब्दाइतकी किंमत नव्हती. चौगुल्यांच्या मिनिटाला मात्र कुणाच्याही मिनिटाइतकीच किंमत होती.

कुस्तीत रणधीर शिंदे ६० किलोच्या आतल्या फेदरवेट गटात उतरले आणि कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत गेले. तिथे ब्रिटनच्या बर्नार्डकडून हरल्यामुळे पदक हुकलं. मधल्या वजनाच्या गटातले कुमार नवले लवकर बाद झाले. मातीतली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांत डाव तेच असले तरी पायाखालची पकड निराळी, वेळेचं बंधन निराळं, गुणांचा हिशेब निराळा. शिंद्यांचं हे अपुरं राहिलेलं काम पुरं व्हायला ३२ वर्षं लागली. १९५२ साली हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणलं. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं. त्या घराची आठवण आपण अभिमानानं काढतो, ती काढायलाच हवी. पण ३२ वर्षांनंतरही एका शिक्षकाला घर गहाण टाकावं लागलं, ही व्यवस्थेच्या अभावाचीही नोंद आहे.

दुसऱ्यांनी बनवलेल्या मापापुढे आपण का उभं राहावं, हा आक्षेप त्या काळीही घेता आला असता आणि आजही तो पोकळ नाही. त्याची दोन उत्तरं महाराष्ट्रानंच दिलेली आहेत. पहिलं उत्तर डेक्कन जिमखान्याचं. धावपटूंना अँटवर्पला पाठवणाऱ्या याच संस्थेनं १९१४ साली खो-खोचे नियम बांधायला घेतले होते. आपला खेळ गावागावांत वेगवेगळ्या रीतीनं खेळला जातो तोवर पुण्याचा संघ आणि बडोद्याचा संघ एकमेकांशी भिडू शकत नाहीत, हे त्यांनी ओळखलं. जगाचं माप स्वीकारणं आणि स्वतःचं माप घडवणं ही दोन्ही कामं एकाच मैदानावर चालली होती.

दुसरं उत्तर अमरावतीचं. वैद्य बंधूंच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे गेलं आणि कबड्डीसारखे देशी खेळ त्यांनी जगाला दाखवले. हे पथक पदकासाठी गेलं नव्हतं. आमच्याकडे शरीर घडवण्याची आमची विद्या आहे, हे सांगायला गेलं होतं. नाशिककरांना या विद्येचा अभिमान वाटायला जवळचं कारण आहे. मल्लखांबाला नवं जीवन देणारे बाळंभट्टदादा देवधर हे निफाडकडच्या कोठुऱ्याचे, आणि वणीच्या सप्तशृंगी गडावर त्यांना ही विद्या सुचली अशी परंपरा आहे. मल्लखांबावरची डौलदार पकड कुठल्याही घड्याळात मावत नाही, हे मी मनापासून मान्य करतो.

पण त्याच बर्लिनमध्ये, त्याच महिन्यात, वंशश्रेष्ठतेचा घोष करणाऱ्या राजवटीच्या डोळ्यांदेखत जेसी ओवेन्सनं १०० मीटरची अंतिम शर्यत १०.३ सेकंदांत जिंकली आणि एकूण चार सुवर्णपदकं मिळवली. एका काळ्या माणसाची श्रेष्ठता त्या राजवटीला तोंडानं कबूल करायची नव्हती, पण तिच्याच मैदानावरच्या घड्याळांनी ती नोंदवली. दुबळ्याच्या हाती असलेल्या मोजक्या न्यायी साधनांपैकी माप हे एक आहे. म्हणून ते परकं म्हणून टाकून देणं आपल्याला परवडणारं नाही.

आता आजच्या नाशिककडे येतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलच्या बाजूला सावरपाडा हा आदिवासी पाडा आहे. तिथली कविता राऊत लहानपणी डोंगरवाटांनी पाणी वाहत वाढली. नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली ती घडली. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कवितानं १०,००० मीटरमध्ये ३३ मिनिटं ५.२८ सेकंद वेळ देऊन कांस्यपदक जिंकलं. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिनं तेच अंतर ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत पार करून रौप्य मिळवलं. दीड महिन्याच्या आत-बाहेर सव्वा मिनिटाच्या आसपास फरक. पाय तेच होते. बदलली होती ती शर्यतीची गती आणि शेजारी धावणारी माणसं. ग्वांगझूत सुवर्ण जिंकणारी प्रीजा श्रीधरन तिच्या जेमतेम एक सेकंद पुढे होती. तोडीची सोबत मिळाली की माणूस स्वतःच्याच आधीच्या मर्यादेपलीकडे जातो, याचा इतका स्वच्छ पुरावा कुठल्याही भाषणात सापडणार नाही.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावाच्या दत्तू भोकनळची गोष्ट मोजमापाची. विहिरी खोदण्याचं काम केलेला हा मुलगा सैन्यात गेला, तिथे त्याच्या हाती वल्हं आलं आणि काही वर्षांतच २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरी नौकानयनात १३ वा आला. सैन्यात त्याची उंची, त्याची ताकद कुणीतरी मोजली म्हणून हे घडलं. गावात ती कुणी मोजली नव्हती.

अडचण नेमकी इथे आहे. अँटवर्पपासून आपण निकालाला महत्त्व द्यायला शिकलो, सतत मोजत राहायला शिकलो नाही. माझ्या पाहण्यातल्या शालेय स्पर्धांत धावण्याचा निकाल पहिला, दुसरा, तिसरा असाच लिहिला जातो. प्रमाणपत्रावर क्रमांक येतो, वेळ येत नाही. पाड्यावरच्या शाळेत पहिली आलेली मुलगी जिल्ह्यात कुठे बसते, हे तिला कळत नाही आणि जिल्ह्यालाही कळत नाही. त्या शर्यतीत चौथी आलेली मुलगी कदाचित दुसऱ्या तालुक्यात पहिली आली असती. ती तर कागदावरून पुसूनच जाते. १९१९ साली दोराबजींसारखा एक जाणता माणूस मैदानावर हजर होता म्हणून ते धावपटू दिसले. शंभर वर्षांनंतरही आपण अशा जाणत्या माणसाच्या योगायोगानं येण्यावर विसंबून असू, तर त्या वर्षापासून आपण पुढे सरकलेलो नाही.

मोजमापानं मुलांचा आनंद जातो, ती आकडे होऊन बसतात, ही भीती मला कळते. ती खरी ठरते जेव्हा माप फक्त वगळण्यासाठी वापरलं जातं. मुलाची यंदाची वेळ त्याच्या गेल्या वर्षीच्या वेळेशेजारी लिहिली तर तोच आकडा त्याचा सोबती होतो. हरलेल्या मुलालाही तो सांगतो की तू सहा सेकंदांनी पुढे आलास. क्रमांक एकालाच पहिला करतो, वेळ मात्र प्रत्येकाला सुधारण्याची जागा देते.

याला मोठा खर्च लागत नाही. दोराबजींच्या काळात सेकंद मोजणारं घड्याळ दुर्मीळ होतं. आज ते प्रत्येक शिक्षकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, चांदवड अशा तालुक्यांतल्या प्रत्येक शाळेनं टेपनं मोजून एक धावपट्टी आखावी, वर्षातून दोनदा प्रत्येक मुलामुलीची वेळ घ्यावी आणि ती शाळेच्या नोंदवहीत कायमची लिहावी. जिल्ह्यानं त्या वेळा एकत्र कराव्यात आणि पुढच्या मुलांना तोडीची सोबत मिळेल अशा शर्यती भरवाव्यात. अँटवर्पच्या त्या एका दुपारी चौगुल्यांनी आपल्याला किलोमीटरमागच्या २५ सेकंदांचा हिशेब मिळवून दिला. आपल्या डोंगराळ तालुक्यांतल्या मुलांचा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही. तो मांडणं हे नाशिकच्या हातातलं काम आहे आणि ते याच वर्षी सुरू करता येण्यासारखं आहे.