बाकीचा सेट कुठंय?

माझा भाचा ड्रम वाजवतो. म्हणजे सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, ड्रमवर रबराचे पॅड टाकून आणि मोठ्या ड्रमच्या पोटात जुनी गोधडी कोंबून जेवढं वाजवता येतं तेवढं. दहावीनंतर बापाने सेट घेऊन दिला. आता त्याला आणखी दोन टॉम आणि एक चायना सिंबल हवंय. "मामा, तू पप्पांशी बोल ना," एवढ्यासाठी तो रविवारी माझ्याकडे आला होता. म्हटलं, बोलतो, आधी हे बघ. आणि मॅक्स रोच या ड्रमरची एक चित्रफीत लावली.

सूट घातलेला, चष्मेवाला, वय झालेला माणूस. त्याच्यापुढे फक्त हाय-हॅट. एक उभी सळई, तिच्यावर एकमेकींकडे तोंड केलेल्या दोन झांजा, खाली पेडल. हातात दोन काठ्या. बस्स.

पोरगं दोनेक मिनिटं बघत राहिलं. मग म्हणालं, "मामा, बाकीचा सेट कुठंय?"

आता गोष्ट सांगणं आलं.

ही हाय-हॅट आधी जमिनीलगत होती, पार घोट्याशी. पायाने दाबली की चिक. हाताचा तिथे संबंधच नव्हता. १९२०च्या दशकात सळई वर चढली आणि झांजा काठीच्या टप्प्यात आल्या. पण लय धरायचं काम तेव्हाही मोठ्या ड्रमकडेच होतं. चार मात्रांचे चार ठोके, धप धप धप धप, रात्रभर. ते काम तिथून उचलून झांजांवर आणून ठेवलं ते मुख्यतः जो जोन्स या ड्रमरने. जन्म १९११चा, शिकागोतला. वाढला अलाबामात, फिरत्या खेळांबरोबर हिंडला, तिथे ड्रमही वाजवले आणि टॅप नाचही केला. १९३४मध्ये कॅन्सस सिटीत काउंट बेसीच्या बँडमध्ये आला. झांजा पुरत्या मिटायच्या आत त्याची काठी पडायची, त्यामुळे आवाज तुटायचा नाही, नुसता वाहायचा. आपल्या वारकऱ्याचा टाळ आठव. तो दाबून धरला तर एक बोल, सैल सोडला तर दुसरा. तेच काम हा पायाने करायचा, आणि वर दोन्ही हात मोकळे. मोठा ड्रम इतका हलका केला की तो ऐकू येण्यापेक्षा जाणवायचाच जास्त.

"मग?" भाचा म्हणाला. त्याला अजून चायना सिंबलच दिसत होतं.

मग १९३६. कॅन्सस सिटीतला रिनो क्लब. बेसीच्या बँडबरोबर वाजवायला म्हणून एक पोरगा सॅक्सोफोन घेऊन वर चढला. सोळा वर्षंही पूर्ण नव्हती. सुरुवात बरी झाली, पुढे गाडी घसरली आणि सम कुठे आहे तेच त्याला कळेना. सांगतात ते असं, की जो जोन्सने स्टँडवरून एक झांज काढली आणि त्याच्या पायाशी टाकली. क्लिंट ईस्टवुडच्या 'बर्ड' चित्रपटात ती हवेत गरगरत येते. खरी साधी जमिनीवरच पडली असणार, पण धातू तो, आवाज व्हायचा तेवढा झालाच. लोक हसले. पोरगा खाली उतरला.

त्या पोराचं नाव चार्ली पार्कर.

पार्करने घरी जाऊन किती तास घासलं ते सांगत बसत नाही. ती गोष्ट सगळे मास्तर सांगतात, आणि मला ती जरा अर्धवटच वाटते. भर सभेत अपमान केला की शिष्य घडतोच, असं मानून पुढे कित्येकांनी कित्येक पोरं वाया घालवली. माझी गोष्ट नऊ वर्षांनी सुरू होते. २६ नोव्हेंबर १९४५, न्यूयॉर्क. आता पार्कर स्वतः पुढारी आहे आणि 'कोको' ध्वनिमुद्रित करतोय. मिनिटाला तीनशेच्या आसपास मात्रा. ड्रमवर एकवीस वर्षांचा मॅक्स रोच. ब्रुकलिनमध्ये वाढलेला, अठराव्या वर्षी ड्यूक एलिंग्टनच्या वादकवृंदात बदली म्हणून बसून आलेला.

या पोरांनी काय केलं? केनी क्लार्क या ड्रमरने आधी वाट पाडलीच होती. लय हाय-हॅटवरून काढली आणि उजव्या हाताच्या मोठ्या राइड सिंबलवर नेली. मोठा ड्रम ठोक्यांच्या गुलामीतून सुटला, तो आता मनात येईल तिथे एखादा दणका द्यायला मोकळा. आणि हाय-हॅट? तिच्याकडे उरलं दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला पायाने चिक करणं. जोन्सने जे हाताशी आणलं होतं, ते यांनी पुन्हा पायाशी पाठवलं.

"म्हणजे वाटच लावली की त्याची," भाचा म्हणाला.

हो. पण लय एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेता येते, हे दाखवलं कोणी होतं? मोडलं ते जोन्सचं, आणि मोडायची रीतही जोन्सचीच.

पुढचं भराभर सांगतो. रोच मोठा झाला, इतका की त्याने नुसत्या ड्रमचे तुकडे रचले, सोबतीला ना पियानो ना सॅक्सोफोन. १९६६च्या 'ड्रम्स अनलिमिटेड'मध्ये असे तीन आहेत. त्यातला एक सिड कॅटलेटच्या नावाचा. हा आणखी एक वडीलधारा ड्रमर, १९५१मध्येच गेलेला. मग १९७०मध्ये रोचने 'एम'बूम' नावाचा ताफा उभा केला. त्यात सगळे तालवाद्यवालेच, मारिंबापासून घंटांपर्यंत काय वाट्टेल ते. १९८८मध्ये मॅकार्थर फेलोशिप. वाजवायला काय कमी होतं या माणसाला?

आणि उतारवयातही तो कार्यक्रमात मध्येच सगळं बाजूला ठेवून हाय-हॅट पुढे घ्यायचा आणि पापा जो जोन्सचं नाव घ्यायचा. तुकड्याचं नावच 'मिस्टर हाय-हॅट'. आपल्याकडे तबलजी गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. हा काय करतो बघ, म्हटलं, आणि चित्रफीत पुन्हा सुरुवातीपासून लावली.

काठी झांजेच्या कडेवर, मग घुमटीवर, मग खालून. सळईवर टक. पाय अर्धा उचलला की फुसकारा, पुरता दाबला की शब्द गिळल्यासारखं. दोन झांजांतून पाच-सहा माणसं बोलताहेत असं वाटायला लागतं. आणि ऐकत राहिलं की लक्षात येतं, हे जोन्ससारखं नाहीच. जोन्स वाहायचा. हा थांबतो, वाक्य अर्धं टाकतो, मागे जाऊन पुन्हा उचलतो. भांडं म्हाताऱ्याचं, पाणी स्वतःचं.

भाचा गप्प होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे तू पप्पांना सांगणार नाहीस."

"सांगतो की. घे दोन टॉम."

तो गेला. बुधवारी रात्री बहिणीचा फोन आला. "तू काय सांगितलंस रे त्याला? तीन दिवस नुसतं चिक-चिक चाललंय. आधीची धडधड परवडली." तिने फोन त्याच्याकडे दिला. मागे पेडलची करकर ऐकू येत होती. मी विचारलं, काय रे, कितपत आलं?

"मामा," तो म्हणाला, "अजून नुसता पायच बसवतोय. दहा मिनिटांत पोटरी भरून येते."