शेजार ठरवणारा कायदा

कुणी कुणाच्या शेजारी राहायचं, हे जमिनीचे नियम ठरवतात. म्हणूनच नगररचनेला निव्वळ तांत्रिक काम मानायला मी तयार नाही.

वर्णावरून वस्त्या वेगळ्या पाडणारा लुइव्हिल शहराचा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली रद्द केला. नऊच वर्षांनी, १९२६ मध्ये, ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने वापरानुसार झोन पाडणं वैध ठरवलं. बंगल्यांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या अपार्टमेंटच्या इमारतीला त्या निकालपत्रात परजीवी म्हटलं आहे. माणसाचा रंग विचारणं बेकायदा झालं, पण घराचा प्रकार विचारण्याची मुभा राहिली. जिथे फक्त स्वतंत्र बंगलाच बांधता येतो, तिथे तुटपुंज्या पगाराचा भाडेकरू पोहोचणार कसा? शेकडो गावांनी या मुभेचा लाभ घेतला. घर एका झोनमध्ये, दुकान दुसऱ्यात आणि मध्ये मोटारीशिवाय न ओलांडता येणारं अंतर, अशी वस्ती देशभर पसरली.

आता काही शहरं नियमाचा पायाच बदलत आहेत. इमारतीत काय चालतं यापेक्षा ती रस्त्याशी कशी वागते, हे आधी पाहिलं जातं. ती रस्त्यापासून किती मागे आहे, किती मजली आहे, तिचं दार कुठे उघडतं, तळमजल्यावर खिडक्या आहेत की कोरी भिंत? वापरावरची बंधनं सगळी उठत नाहीत. घातक कारखाना शाळेला खेटून येत नाही. मात्र खाली दुकान आणि वर बिऱ्हाड हा गुन्हा उरत नाही. आंद्रेस दुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क या वास्तुरचनाकारांनी १९८० च्या दशकात फ्लोरिडातल्या सीसाइड या छोट्या वसाहतीत हा विचार राबवला. पुढे त्यांच्याच संस्थेने आखलेली ‘मायामी २१’ ही संहिता २००९ मध्ये मंजूर होऊन संपूर्ण शहराला लागू झाली.

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराने १९५३ ची जुनी संहिता टाकून २०१७ पासून ‘ग्रीन कोड’ आणला आणि प्रत्येक बांधकामामागे ठरावीक पार्किंगची सक्तीच काढून टाकली. मला हे पाऊल सर्वांत मोलाचं वाटतं. सक्तीच्या पार्किंगचा खर्च भाड्यात मिसळतो आणि ज्याच्याकडे मोटार नाही तोही तो भरतो. हा अन्याय बफेलोने थांबवला.

पण देखणा रस्ता म्हणजे न्याय नव्हे. सलग नऊ एकर जमीन असलेल्याला स्वतःचा खास आराखडा मांडण्याची वाट ‘मायामी २१’ मध्येच आहे. तिच्याच आधारे मायामीतल्या लिटल हैती या वस्तीत २०१९ साली मोठा प्रकल्प मंजूर झाला. भाडी वाढून आपण उठवले जाऊ, असं तिथले हैतियन रहिवासी सांगत होते. नऊ एकर कुणाकडे असतात, हे संहिता लिहिणाऱ्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

आपल्या विकास आराखड्यांतही झोन आहेत आणि पेठांमधली दुकानावरची घरंही आहेत. त्यामुळे हा नवा विचार इथल्या नगररचनाकारांना आवडेल आणि तो यावाच. मात्र दारं-खिडक्यांच्या नियमाइतक्याच सक्तीने त्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा वाटा लिहिलेला हवा. हरकती-सूचनांची नोटीस मालमत्ता पत्रकावर नाव असलेल्यांपुरती न राहता खोलीतल्या भाडेकरूच्या आणि कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याच्या हाती, साध्या मराठीत, सुनावणीच्या पुरेशी आधी पडायला हवी.