मोह, मद आणि लोभ

षड्रिपूंच्या गणनेत मोह, मद आणि लोभ ही नावे जवळजवळ येतात. आमच्या सौसर-पांढुर्णा भागात मात्र त्यांतील पहिले दोन शब्द केवळ पोथीतले नाहीत. मोह हे येथे एक झाड आहे. मोहगाव हे गावाचे नावही त्या झाडावरूनच पडले असावे. चैत्राच्या सुमारास पहाटे त्याची मांसल फुले टपटप गळतात, बायका-मुले ती टोपल्यांत वेचतात आणि अंगणात वाळत घालतात. सुक्या फुलांच्या वजनात जवळजवळ निम्मी साखर असते. ती पाण्यात भिजवली की काही दिवसांत आंबतात. हा झाला सडवा. तो मडक्यात उकळून वाफ थंड केली की थेंबथेंब दारू गळते. म्हणजे मोहातून मद निर्माण होण्याची क्रिया आमच्याकडे अक्षरशः चुलीवर घडते. प्रश्न तिसऱ्या रिपूचा आहे, आणि प्रस्तुत लेखात आम्हाला त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रश्न असा की, घरापुरती गाळलेली दारू आणि विकण्यासाठी गाळलेली दारू यांत नैतिक भेद आहे काय? असल्यास तो नेमका कोठे आहे? पदार्थ तोच, कृती तीच, हातही तेच. केवळ भांडे मोठे झाल्याने निर्दोष कर्म सदोष होते, असे म्हणता येईल काय?

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिले आहे. मध्यप्रदेशात 1915 च्या आबकारी अधिनियमाखाली परवान्यावाचून दारू गाळणे हा गुन्हा आहे. तथापि अनुसूचित क्षेत्रातील आदिवासींना ठरावीक मर्यादेत, घरगुती उपयोगासाठी, सवलत आहे. आदिवासी क्षेत्रांत दारूची दुकानदारी थांबवावी, पण घरच्या वापरासाठी पारंपरिक पेय करू द्यावे, असे केंद्र शासनाने 1975 सालीच राज्यांना सुचविले होते. या भेदाची रेषा नकाशावर कशी उमटते ते पाहण्यासारखे आहे. जवळचा बिछुआ भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, तर सौसर आणि पांढुर्णा या तहसिलींतील काही पटवारी हलकेच तेवढे त्यात येतात. एका हलक्यात जी रीत, ती शेजारच्या हलक्यात अपराध ठरू शकते. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना अशा रेषांची आवश्यकता पटते. परंतु रेषा आवश्यक असणे निराळे आणि तीच नीतीची रेषा असणे निराळे.

शासनाचा हेतूही सदैव निर्मळ राहिला असे म्हणवत नाही. मुंबई इलाख्यात 1892 च्या मोहा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. लोकांची व्यसनमुक्ती हे त्यामागचे खरे कारण नव्हते. घरोघरच्या भट्टीमुळे बुडणारा महसूल हे होते. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदाने मादक पेयांवर बंदी आणण्याचे मार्गदर्शक तत्त्व सांगितले. पण राज्यांच्या तिजोरीत आबकारीचा वाटा मोठाच राहिला. आमच्या शेजारच्या मुलताईसह प्रदेशातील काही धार्मिक स्थळांची दुकाने 1 एप्रिल 2025 पासून बंद झाली. अन्यत्र ती चालूच आहेत. स्वतः विकणाऱ्याने दुसऱ्याच्या विक्रीला पाप म्हणणे हा युक्तिवाद फार काळ टिकत नाही.

मग घरगुती भट्टी निष्पाप मानावी काय? गोंड कुटुंबात जन्म, विवाह आणि मृत्यू या तिन्ही प्रसंगी मोहाची धार प्रथम देवाला आणि पितरांना वाहिली जाते, मग माणसांना. तेथे फुलांचा हंगाम ठरलेला, प्रसंग ठरलेला आणि पिणारा ओळखीचा. हा मोठाच संयम आहे. परंतु त्याचे अवास्तव गुणगान करणेही बरे नव्हे. दारूचा भार अखेर घरातील स्त्री सोसते, मग ती दारू दुकानातली असो की चुलीवरची. गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीनंतर 1993 मध्ये दारूबंदी झाली, तिच्यात गावोगावच्या स्त्रिया पुढे होत्या. त्यांना परंपरेचे मोल कळत नव्हते असे कोण म्हणेल? शेजारच्या चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. बंदीने प्रश्न सुटतोच असे नाही, आणि सवलतीनेही नाही.

आता तिसरी वाट निघाली आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये मध्यप्रदेश शासनाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याचे घोषित केले. त्यानंतर अलीराजपूर आणि दिंडोरी येथील आदिवासी बचतगटांकडून ‘मोंड’ आणि ‘मोहुलो’ या नावांनी ती बाटलीबंद होऊन बाजारात आली. गोव्यात काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला होता, त्याच दिशेचे हे पाऊल. पाश्चात्त्य देशांतही असे घडले आहे. अमेरिकेत घरी बिअर करण्यावरील संघीय निर्बंध 1978 च्या कायद्याने सैल झाले; प्रौढ एकटा असल्यास वर्षाला 100 गॅलन आणि घरात दोघे असल्यास 200, तेही विक्रीसाठी नव्हे. अशा घरगुती प्रयोगांतून केन ग्रॉसमन यांच्यासारखे लोक पुढे आले, आणि त्यांनी 1980 मध्ये दूधव्यवसायातील जुनी भांडी जुळवून छोटा कारखाना उभा केला. विशेष म्हणजे तेथेही घरी दारू गाळण्यास मुभा मिळाली नाही. आंबविणे आणि गाळणे यांतील भेद तेथील कायद्याने पाळला.

या वाटेचे आम्ही स्वागत करतो. जी विद्या शतकभर चोरीची मानली गेली, तिला प्रतिष्ठा मिळते, फुले वेचणाऱ्या हाताला दाम मिळतो, शुद्धतेची तपासणी होते. जानेवारी 2021 मध्ये मुरैना जिल्ह्यात विषारी दारूने वीसहून अधिक माणसे दगावली, हे ध्यानात घेतले म्हणजे तपासणीचे मोल कळते.

तथापि भांडे मोठे होताना एक गोष्ट निसटते. घरात गाळणारी बाई पिणाऱ्याला ओळखत असते. त्याची बायको तिची जाऊ किंवा नणंद असते. ‘आता पुरे’ म्हणण्याचा तिला अधिकार असतो आणि प्रसंगी ती तो बजावतेही. बाटली दूरच्या शहरात गेली की पिणारा अदृश्य होतो. इतकेच नव्हे, त्याने जास्त प्यावे यातच करणाऱ्याचे हित गुंतते. येथे तिसरा रिपू घरात शिरतो. दारूविषयी आपण आजवर जे बोललो ते बहुधा मदाविषयी होते. लोभाची चर्चा क्वचितच केली. वस्तुतः घरगुती आणि विक्रीची दारू यांतील खरा नैतिक भेद मापात नाही. दुसऱ्याच्या असंयमावर आपला नफा अवलंबून आहे की नाही, यात तो आहे.

यावरून एक कसोटी सुचते. भांड्याबरोबर उत्तरदायित्वही त्याच प्रमाणात वाढले पाहिजे. जो पिणाऱ्याला पाहू शकत नाही, त्याने निदान त्याच्या घराचा आवाज ऐकण्याची व्यवस्था ठेवावी. तशी व्यवस्था आपल्याकडे कागदावर आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांत मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर बंदी वा नियंत्रण घालण्याच्या अधिकारात ग्रामसभेला स्थान दिले, आणि मध्यप्रदेशात त्याचे नियम नोव्हेंबर 2022 मध्ये लागू झाले. त्या ग्रामसभेत स्त्रियांचे बोलणे ऐकले जाणार असेल, आणि भट्टी बंद ठेवा असे त्यांनी म्हटल्यास ती खरोखर बंद राहणार असेल, तर मोठ्या भांड्याला आमची हरकत नाही. तसे नसेल तर बाटलीवर वारसा हा शब्द छापून दुकानच काय ते वाढेल.

मोहाचे झाड आपली फुले रात्री गाळते आणि ती कोण वेचतो हे पाहत नाही. झाडाला ते शोभते. माणसाला आपल्या हातून गळलेले कोणाच्या घरी गेले, हे पाहावे लागते.