पाप कुणाच्या नावावर?

रेणुकेचं पाप एका नजरेएवढं होतं. मलप्रभेच्या काठी वाळूचा घडा वळायचा, सापाची चुंबळ डोक्यावर ठेवायची आणि जमदग्नींच्या पूजेला पाणी न्यायचं, हा तिचा नेम. एके दिवशी नदीत जलक्रीडा करणाऱ्या चित्ररथाकडे तिने क्षणभर पाहिलं, मन चळलं आणि वाळू हातात वळेनाशी झाली. सौंदत्तीच्या वाटेवर ही कथा आजही अशीच सांगतात. पुढची शिक्षा सर्वांना ठाऊक आहे. बापाच्या आज्ञेवरून परशुरामाने आईची मान उतरवली. पण त्यानंतर त्याने बापाकडे जे वर मागितले, त्यांचा विचार फारसा कुणी करत नाही. आई पुन्हा जिवंत व्हावी, तिला या वधाची आठवण राहू नये आणि तिला मारल्याचं पाप मला लागू नये, असं तो मागतो. महाभारताच्या वनपर्वात हे स्पष्ट आहे. मुलाचं मातृहत्येचं पाप मागितल्याबरोबर पुसलं गेलं. आईच्या नजरेचं पाप मात्र पुढे शतकानुशतकं तिच्या नावाने सोडलेल्या मुली फेडत राहिल्या.

बेळगाव, चिकोडी, निपाणी, गडहिंग्लज या पट्ट्यात ही रेणुका म्हणजेच यल्लम्मा, आणि ती कुणा एका भाषेची नाही. सौंदत्तीच्या डोंगरावरचं देऊळ १५१४ साली रायबागच्या बोमप्पा नायकाने बांधल्याचं सांगतात. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवीचा चुडा उतरतो, माघातल्या अहेव पुनवेला तो पुन्हा भरला जातो. कोल्हापूर-सांगलीकडच्या एसटी भरभरून डोंगराकडे जातात आणि ‘उदं गं आई उदं’च्या गजरात मराठी कुठे संपते, कानडी कुठे सुरू होते, ते कळत नाही. जोगुळभावीच्या कुंडात अंघोळ करून वर जाणाऱ्या बायांची भक्ती खोटी आहे, असं म्हणण्याची माझी छाती होत नाही. नवऱ्याच्या मरणाने विधवा आणि पुन्हा सवाशीण होणारी, मुलाच्या हातून मेलेली, तरी सगळ्यांची आई झालेली ही देवी बाईच्या दुःखाला जितकी जवळची आहे, तितकं जवळचं दैवत मला दुसरं दिसत नाही.

म्हणूनच या डोंगराच्या नावावर जे झालं ते अधिक सलतं. घरात मुलगा होत नाही, अंगावर खरूज उठते, गोठ्यातलं जनावर दगावतं, पोरीच्या न विंचरलेल्या केसांत जट होते. कारण विचारायला जावं तर उत्तर एकच, आईचा कोप. कोप का? मागच्या जन्मीचं काहीतरी. फेडायचं कसं? पोरगी देवीला सोडायची. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधलं, हातात परडी दिली, की ती सात-आठ वर्षांची मुलगी देवीची झाली आणि वयात आल्यावर गावातल्या कुणा सधन माणसाची. हे मणी बहुतेक दलित घरांतल्या मुलींच्याच गळ्यात पडले. ज्यांच्या वाड्यांवर त्या पुढे राहिल्या, त्या वाड्यांत कधी कुणाच्या केसांत जट झाली नसेल का? झाली असणारच. तिथे ती तेल लावून सोडवली गेली.

कर्मसिद्धांताचे पाठीराखे यावर म्हणतील की हा अडाणीपणा आहे, तत्त्वज्ञानाचा दोष नाही. मी ते अर्धंच मान्य करीन. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग शास्त्राने सांगितले. त्यातलं क्रियमाण, म्हणजे आज माझ्या हातून घडणारं कर्म, माझ्या ताब्यात आहे. तेच माणसाचं स्वातंत्र्य. पण गावकुसाबाहेर पोचलं ते फक्त प्रारब्ध. वरच्या घरांत कर्म म्हणजे पुढे काय करायचं आणि खालच्या घरांत कर्म म्हणजे मागे काय केलं होतं, अशी ही वाटणी झाली. ज्याचा पुरावा मागता येत नाही असा गुन्हा माणसाच्या माथी मारायचा असेल, तर मागच्या जन्मासारखी सोयीची जागा दुसरी नाही. आणि ही वाटणी करणारे अडाणी नव्हते.

भक्तीने हा हिशेब मोडायला हवा होता, कारण तिची प्रतिज्ञाच तशी आहे. भागवतातला अजामिळ वर्षानुवर्षं नको ते करतो, मरताना मुलाला हाक मारायची म्हणून नारायणाचं नाव घेतो आणि यमदूत रिकाम्या हाती परततात. चुकून घेतलेल्या एका नामाने त्या सगळ्या वर्षांची पापं जळतात, तर सात वर्षांच्या, काहीच न केलेल्या मुलीचं कुठलं पाप उरतं? या प्रश्नाला भक्तिशास्त्रात उत्तर नाही, कारण भक्तिशास्त्राप्रमाणे हा प्रश्न उद्भवूच नये. तरी तो उद्भवला. खुद्द चोखोबांच्या नावावरच्या अभंगांतही हीन जात ही पूर्वजन्मीच्या दोषाचं फळ म्हणून पत्करलेली दिसते आणि दुसरीकडे त्याच चोखोबांचा विटाळाच्या कल्पनेवरचा थेट, जळजळीत सवालही दिसतो. एकाच संताच्या जिभेवर दोन्ही आहेत. विठोबाचं प्रेम त्यांना पुरेपूर मिळालं, पण देवळाची पायरी ओलांडता आली नाही. भक्तीने पाप धुतलं. ते लिहिणारा हात मात्र तिने धरला नाही.

बाराव्या शतकातल्या शिवभक्त शरणांनी तो धरला होता. जन्म, मृत्यू, रजस्राव, उष्टं आणि जात ही पाचही सुतकं त्यांनी नाकारली, तीही याच कानडी मुलखात. नंतर बेळगावजवळच्या बाळेकुंद्रीच्या पंत महाराजांनी शाळामास्तरकी करत अवधूतमार्गाची पदं रचली. निंबाळचे गुरुदेव रानडे नामस्मरणाच्या वाटेने उपनिषदांपर्यंत आणि उपनिषदांतून पुन्हा संतांपर्यंत गेले. संसारात राहून, याच देही मुक्त होता येतं, हा या दोघांच्याही सांगण्याचा गाभा. बेळगावातल्या कितीतरी सुशिक्षित घरांनी तो मनापासून जपला आहे. तिथून सौंदत्तीचा डोंगर मोटारीने दोनेक तासांवर आहे. हा निरोप त्या डोंगरापर्यंत कुणी का नेला नाही, हे मला आजही टोचतं.

मोक्ष म्हणजे पुनर्जन्मातून सुटका. पण अशा देवीला सोडलेल्या बाईच्या, देवदासीच्या घरात पुनर्जन्म मरणानंतर होत नाही, ती जिवंत असतानाच होतो. आजीची परडी आईकडे, आईची लेकीकडे, तेच मणी, तोच जोगवा, म्हातारपणी तीच भीक. शाळेच्या दाखल्यावर बापाच्या नावाची तीच रिकामी ओळ. तुकोबांनी मुक्ती नाकारून पुन्हा गर्भवास मागितला. तो तृप्त भक्ताचा अधिकार होता. या बायांना मात्र पुन्हा तोच जन्म न मागता मिळत होता, लेकीच्या रूपाने. इथे मुक्तीचा अर्थ एकच उरतो: माझ्या पोरीला माझा जन्म मिळू नये.

आणि ही मुक्ती या भागात खरोखर मिळवली गेली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० साली जोगतिणी-देवदासींसाठी कायदा केला. एप्रिल १९२५ मध्ये बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून डॉ. आंबेडकर निपाणीला आले. पुढे १९३६ च्या जूनमध्ये मुंबईत देवदासी, जोगतिणी आणि आराधिणींच्या सभेत त्यांनी हे जिणं सोडा, असं परखडपणे सांगितलं. मुंबई इलाख्याचा कायदा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा. पण कायद्याने मणी रात्री आणि घरात बांधले जाऊ लागले, एवढंच. गोष्ट बदलली ती बाया एकत्र आल्या तेव्हा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत धुरळ्यात दिवस काढणाऱ्या बायांनी ऐंशीच्या सुमारास संघटना बांधली. त्यांत देवदासीही होत्या. गडहिंग्लजला प्रा. विठ्ठल बन्ने यांनी देवदासींचे मोर्चे, परिषदा उभ्या केल्या. गोकाक तालुक्यात घटप्रभेला १९९७ साली देवदासी राहिलेल्या बायांची स्वतःची ‘मास’ ही संस्था उभी राहिली. लहानपणी स्वतः सोडल्या गेलेल्या सितव्वा जोडट्टी तिच्या प्रमुख झाल्या. मण्यांचा बेत कळला की त्या घरी जाऊन आई-बापांशी बोलायचं, जट असेल तर कापायला तयार करायचं, मुलीला शाळेत घालायचं, हे त्यांचं काम. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या चळवळीतल्या कितीतरी बायांनी यल्लम्मा सोडली नाही. परडी ठेवली, जोगवा सोडला, देव्हाऱ्यातली आई तशीच ठेवली. काही पुरोगामी मित्रांना ही अपुरी सुधारणा वाटते. मला उलट वाटतं. आईवर प्रेम आहे, पण मी तिची कर्जदार नाही, असं या बायांनी ठरवलं. भक्तीतून पापाचा हिशेब वेगळा काढणं ज्ञानी माणसांना जमलं नव्हतं. ते वखारीतल्या आणि पारावरच्या बायांनी केलं.

आता एक गोष्ट उरते आणि ती त्या बायांनी करायची नाही. आपल्या धर्मात पापाला प्रायश्चित्त आहे. कर्नाटक सरकारच्या पाहण्यांत सुमारे ४६ हजार देवदासींची नोंद झाली. त्यांना थोडं निवृत्तिवेतन मिळतं. पण इतक्या आयुष्यांचं प्रायश्चित्त कुणी घेतलं? सौंदत्तीचं देवस्थान सरकारी व्यवस्थापनाखाली आहे, दोन पुनवांना तिथे लाखोंचा जमाव लोटतो. त्या उत्पन्नातला ठरावीक वाटा देवदासींच्या नातवंडांच्या शिक्षणासाठी आणि म्हाताऱ्या जोगतिणींच्या औषधपाण्यासाठी बाजूला काढावा आणि तसा फलक देवळाच्या दारात मराठी-कानडीत लावावा, ही मागणी भाविकांनीच करायला हवी. दुसरं प्रायश्चित्त वाड्यांकडे येतं. २०२५ मध्ये कर्नाटकाच्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या नव्या विधेयकात देवदासीच्या मुलांना बापाची ओळख आणि त्याच्याकडचा हक्क मागण्याची तरतूद आहे. चिकोडी-निपाणीकडचा एखादा मुलगा तो अर्ज करील तेव्हा गाव त्याच्या आईकडे बोट दाखवील की बापाचं नाव पुढे करील, हे त्या गावातल्या कीर्तनकारांनी, मठातल्या स्वामींनी आणि देवळाच्या पंचांनी आताच ठरवून जाहीर करावं.